हप्ता गावचा, बिल मुंबईचे

४०००१२ हा परळचा पिनकोड आणि ४२५४१२ हा नंदुरबारचा. टपालाच्या पाकिटापलीकडे या आकड्यांना काही किंमत नाही असे ज्यांना वाटते, त्यांनी मेडिक्लेमचा अर्ज एकदा भरून पाहावा. वय तेच, आधीचे आजार तेच, विम्याची रक्कमही तीच ठेवून नुसता पिनकोड बदलला, की अनेक पॉलिसींचा हप्ता बदलतो. कारण कंपन्यांनी हप्त्यासाठी देशाचे झोन पाडले आहेत. मुंबई, ठाणे, नवी मुंबई आणि दिल्लीचा परिसर बहुतेक कंपन्यांच्या वरच्या झोनमध्ये, म्हणजे सर्वांत महाग. पुण्यासारखी शहरे कुठे वरच्या, कुठे मधल्या झोनमध्ये. उरलेला महाराष्ट्र खालच्या. कोणते गाव कोणत्या झोनमध्ये, हे प्रत्येक कंपनी आपापले ठरवते आणि आपल्या पॉलिसीच्या जाडजूड मसुद्यात कुठेतरी छापते. अहमदाबाद, सुरत आणि बडोदा ही शहरे काही पॉलिसींत थेट मुंबईच्या पंगतीला बसलेली दिसतात. हे वाचून पुणेकर चक्रावतील, पण विमा कंपनीचा हिशेब केवळ शहराच्या आकारावर चालत नाही. तिथून क्लेम किती आणि केवढे येतात, यावर चालतो.

२२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा १८ टक्के जीएसटी शून्यावर आला. जी कुटुंबे आजवर ‘पुढच्या वर्षी बघू’ म्हणत होती, त्यांच्याकडे एजंटांच्या फेऱ्या त्यामुळे वाढल्या, तर नवल नाही. तालुक्याच्या गावी हा एजंट बहुधा ओळखीचा, नात्यातलाच असतो. तो आवर्जून सांगतो, ‘भाऊ, तुमचा झोन खालचा आहे, हप्ता कमी येतो.’ ते खरेच असते. कधी याच्याही पुढचा सल्ला मिळतो. पुण्यात नोकरी करणाऱ्या मुलाला सांगितले जाते, ‘आधारवरचा गावचाच पत्ता राहू दे, दोन पैसे वाचतील.’ हा सल्ला मात्र वाद ओढवून घेणारा आहे. राहण्याचा खरा पत्ता लपवला, तर कंपनीच्या हाती क्लेमच्या वेळी आयतेच कोलीत मिळते.

हप्त्यातला फरक हा अर्धाच मुद्दा. उरलेला अर्धा आजारपणात कळतो. काही कंपन्या झोननुसार फक्त हप्ता ठरवतात आणि उपचार देशात कुठेही घ्या म्हणतात. त्याबद्दल तक्रार नाही. पण अनेक पॉलिसींत एक कलम असते. खालच्या झोनचा हप्ता भरणाऱ्याने वरच्या झोनमधल्या रुग्णालयात उपचार घेतले, तर मंजूर रकमेचा दहा किंवा वीस टक्के वाटा त्याने स्वतः उचलायचा. यालाच को-पे म्हणतात. अपघाताला काही ठिकाणी सूट असते, आजाराला बहुधा नसते.

कागदावर वीस टक्के किरकोळ दिसतात. रुग्णालयाच्या टीपीए (क्लेम हाताळणारी मध्यस्थ संस्था) काउंटरवर ते कसे दिसतात, ते आकडे मांडून पाहू. समजा, लातूर जिल्ह्यातल्या एका गृहस्थांची पाच लाखांची पॉलिसी आहे, झोन खालचा. खोलीभाड्याची मर्यादा विम्याच्या रकमेच्या एक टक्का, म्हणजे दिवसाला ५,००० रुपये. गावाकडे तेवढ्यात उत्तम खोली मिळते. शस्त्रक्रिया मात्र मुंबईत करावी लागली आणि मिळाली ती खोली १०,००० रुपयांची. बिल झाले तीन लाख. खोली मर्यादेपेक्षा महाग घेतली, की बाकीच्या बिलालाही त्याच प्रमाणात कात्री लागते. त्यातले १,२०,००० औषधे, इम्प्लांट आणि तपासण्यांचे. त्यांना खोलीभाड्याच्या प्रमाणातली कपात लावता येत नाही, कारण विमा नियामकाने ती वाट २०२० मध्ये बंद केली. उरलेले १,८०,००० खोलीचे, सर्जनच्या फीचे, ऑपरेशन थिएटरचे. खोली मर्यादेच्या दुप्पट, म्हणून ही सगळी रक्कम निम्मी धरली जाते. गेले ९०,०००. मान्य झाले २,१०,०००. आता झोनचा वीस टक्के को-पे, म्हणजे आणखी ४२,००० गेले. कंपनी देणार १,६८,००० आणि घरच्यांनी भरायचे १,३२,०००. हातमोजे, मास्क, फाइलचे पैसे वेगळेच. हे आकडे उदाहरणादाखल घेतले आहेत, पण हिशेबाची रीत खरी आहे. डिस्चार्जचा कागद हातात आल्यावर तो गृहस्थ विचारतो, ‘कॅशलेस होतं ना?’ काउंटरवरचा मुलगा पॉलिसीच्या कलमाकडे बोट दाखवतो. त्याचे काही चुकलेले नसते. खालच्या झोनमुळे वर्षाला समजा तीन हजार वाचले असतील, तर ४२,००० म्हणजे चौदा वर्षांची बचत एका दुपारी गेली. आवळा देऊन कोहळा काढणे म्हणतात ते हेच.

तर मग गावाकडच्या माणसाने मुंबईला जाऊच नये, असे कोणी म्हणेल. तो हौसेने जात नाही. महाराष्ट्राचा रुग्ण कुठून कुठे जातो, याचा नकाशा जिल्ह्यांच्या सीमा मानत नाही आणि कंपन्यांचे झोन तर मुळीच मानत नाही. नंदुरबार-नवापूरकडचा ओढा ताप्ती लाइनने सुरतेकडे आहे आणि सुरत काही पॉलिसींत सर्वांत वरच्या झोनमध्ये आहे. गडचिरोली-चंद्रपूरकरांना नागपूर गाठावे लागते. नांदेडचे लोक हैदराबादला जातात, चंदगडचे बेळगावला. सावंतवाडी-दोडामार्गच्या माणसाला मुंबईपेक्षा गोव्यातली बांबोळी कितीतरी जवळची. तिथल्या गोवा मेडिकल कॉलेजने २०१८ च्या सुरुवातीपासून परराज्यातल्या रुग्णांना शुल्क लावले, तेव्हा सिंधुदुर्गात किती अस्वस्थता उसळली होती, हे तिथल्या लोकांच्या स्मरणात आहे. उलटा प्रवाहही आहे. मिशनरी डॉक्टर विल्यम वान्लेस यांनी १८९४ मध्ये रुग्णालय उभारल्यापासून मिरजेत उत्तर कर्नाटकातून रुग्ण येत राहिले आहेत. ताप, बाळंतपण, अपेंडिक्स हे जिल्ह्यात निभावते. कर्करोग, मेंदूची शस्त्रक्रिया, नवजात बाळाच्या हृदयाचा दोष म्हटले, की गाडी मोठ्या शहराकडेच वळते. म्हणजे को-पे नेमका कधी लागतो? बिल सर्वांत मोठे असते तेव्हा.

विमा कंपन्यांची बाजू पोकळ आहे असे नाही. त्या म्हणतात, परळ-अंधेरीच्या रुग्णालयांतले दर आणि उदगीरच्या नर्सिंग होमचे दर यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. सगळ्यांना एकच हप्ता लावला, तर मुंबईकरांच्या बिलांचा भार उदगीरकराने का उचलायचा? प्रश्न रास्त आहे. खालच्या झोनला कमी हप्ता हे न्यायाचेच आहे, ते काढून घ्या असे आमचे म्हणणे नाही. कंपन्यांची दुसरी भीतीही खरी आहे. को-पे नसेल तर नाशिकचा माणूस स्वस्त पॉलिसी घेऊन प्रत्येक लहानसहान उपचारासाठी मुंबई गाठेल. पण ज्याच्या जिल्ह्यात तो उपचार मिळतो आणि तरीही जो मुंबईला जातो, तो एक. ज्याच्या जिल्ह्यात तो मिळतच नाही, तो दुसरा. या दोघांना एकाच कलमाने कापणे हा व्यवहार झाला, न्याय नव्हे. आणि या दोघांमधला फरक कंपनीला ओळखता येत नाही, असेही नाही. प्रत्येक कंपनीकडे आपल्या नेटवर्क रुग्णालयांची पिनकोडनिहाय यादी असते. ज्या जिल्ह्यात अँजिओप्लास्टी किंवा किमोथेरपी करणारे एकही रुग्णालय कंपनीच्या यादीत नाही, तिथल्या माणसाकडून त्या उपचारासाठी को-पे घ्यायचा नाही, एवढा साधा नियम पुरेसा आहे.

नियामकाला हे जमणारे नाही, असे कोणी म्हणू नये. भारतीय विमा नियामक व विकास प्राधिकरणाने १ एप्रिल २०२० पासून ‘आरोग्य संजीवनी’ ही प्रमाण पॉलिसी सर्व कंपन्यांना विकायला लावली, तेव्हा तिचा हप्ता देशभर एकच ठेवायचा आणि झोननुसार फरक करायचा नाही, हे स्पष्ट बजावले होते. त्याच वर्षी आलेल्या ‘कोरोना कवच’लाही तोच दंडक होता. कंपन्यांनी त्या पॉलिसी विकल्या आणि त्यांचे दिवाळे निघाले नाही. आरोग्य संजीवनीतही पाच टक्के को-पे आहे आणि खोलीभाड्याला दिवसाला ५,००० रुपयांची मर्यादा आहे. पण तो को-पे सर्वांना सारखा. तुमचे गाव कोणते, हे ती विचारत नाही. सरकारी आयुष्मान भारत योजनेचे उदाहरण तर याहून बोलके आहे. तिच्या २०२२ च्या पॅकेजांत शहराच्या प्रकारानुसार रुग्णालयांना वेगवेगळे दर दिले गेले. मोठ्या शहरातल्या महागाईची दखल तिथेही आहे. मात्र तो फरक योजना आणि रुग्णालय आपसांत मिटवतात. गडचिरोलीहून नागपूरला किंवा आणखी पुढे गेलेल्या कार्डधारकाच्या खिशाला तो हात लावत नाही. सरकारी कार्ड देशभर सारखे चालते आणि स्वतःच्या पैशाने विमा घेणाऱ्याला मात्र झोन आडवा येतो!

या प्रश्नाच्या मुळाशी रुग्णालयांचे दर आहेत, हेही कबूल करायला हवे. महाराष्ट्राने केंद्राचा २०१० चा क्लिनिकल आस्थापना कायदा स्वीकारला नाही. आपल्याकडे अजून १९४९ चाच नर्सिंग होम कायदा चालतो. २०२१ च्या सुधारित नियमांनी दरपत्रक लावण्याचे बंधन आले. ते किती ठिकाणी दर्शनी भागात लागले आहे, हे वाचकांनी पुढच्या वेळी स्वतः पाहावे. कोविडकाळात, मे २०२० मध्ये, याच राज्याच्या सरकारने खासगी रुग्णालयांतल्या ८० टक्के खाटांचे दर ठरवून दिले होते. इच्छा असली की मार्ग सापडतो, हे तेव्हा दिसले. नंतर ती इच्छा मावळली.

नियामक जागा होईपर्यंत विमा घेणाऱ्याने काय करावे? राहतो कुठे यापेक्षा मोठा आजार झाला तर जाणार कुठे, हा प्रश्न आधी सोडवावा. घरात तशी वेळ आली होती तेव्हा कोणत्या शहरात, कोणत्या रुग्णालयात गेलो होतो, हे आठवावे. त्या शहराचा झोन पॉलिसीत शोधावा. अनेक कंपन्या थोडा जादा हप्ता घेऊन वरचा झोन देतात. मुंबई-पुण्याशिवाय ज्यांचे चालत नाही, त्यांनी तो घ्यावा. खोलीभाड्याची मर्यादा रुपयांत असलेल्या पॉलिसीपेक्षा ‘सिंगल प्रायव्हेट एसी रूम’ असे लिहिलेली पॉलिसी शहरात अधिक टिकते. गावाकडच्या आईवडिलांसाठी विमा घेणाऱ्या मुलांनी तर हे डोळ्यांत तेल घालून पाहावे. आईवडिलांचा पत्ता साताऱ्याचा असतो आणि उपचार मुलगा पुण्यात करणार असतो. कंपनीच्या यादीतल्या रुग्णालयाला फोन करून टीपीए डेस्कला थेट विचारावे, ‘या कंपनीचं कॅशलेस सध्या चालू आहे का?’ दरांवरून कंपन्या आणि रुग्णालयांची भांडणे होतात आणि कॅशलेस रातोरात बंद पडते. २०१० मध्ये सरकारी विमा कंपन्यांनी मुंबई-दिल्लीतल्या बड्या रुग्णालयांचे कॅशलेस थांबवले, तेव्हापासून हे अधूनमधून चालूच आहे. यादीबाहेरच्या रुग्णालयातही कॅशलेस मिळावे म्हणून जानेवारी २०२४ पासून योजना आहे, पण ठरवून करायच्या उपचारासाठी ४८ तास आधी कळवावे लागते आणि रुग्णालयाचीही तयारी लागते.

पॉलिसी हाती आल्यावर ३० दिवसांत ती परत करता येते. तेवढ्यात झोनचे कलम वाचून होते. जुनी पॉलिसी असेल, तर नूतनीकरणाच्या किमान ४५ दिवस आधी अर्ज करून दुसऱ्या कंपनीत जाता येते आणि आधीच्या आजारांसाठी मोजलेली प्रतीक्षेची वर्षे वाया जात नाहीत. क्लेम कापला आणि कंपनीने दाद दिली नाही, तर विमा लोकपालाकडे जावे. त्याला फी नाही, वकील लागत नाही आणि ५० लाखांपर्यंतची भरपाई तो देऊ शकतो.

विमा लोकपाल पॉलिसीत लिहिलेल्या अटींवरच निवाडा देतो. अट लिहिलेली असेल, तर ती जाचक आहे म्हणून तो फार काही करू शकत नाही. ते काम हैदराबादेत बसलेल्या नियामकाचे आहे. जानेवारी २०२४ पासून प्रत्येक पॉलिसीबरोबर सोप्या भाषेतले माहितीपत्रक देणे कंपन्यांना बंधनकारक आहे आणि ग्राहकाने मागितले तर ते स्थानिक भाषेतही मिळायला हवे. त्या पत्रकाच्या पहिल्याच पानावर, मराठीत आणि रुपयांत, नंदुरबारच्या माणसाला सुरतेत आणि सावंतवाडीच्या माणसाला मुंबईत तीन लाखांच्या बिलावर पदरचे किती भरावे लागतील, हे छापायला लावावे. यासाठी नवा कायदा लागत नाही, एक परिपत्रक पुरते. जिल्ह्यात न मिळणाऱ्या उपचारांवरचा को-पे रद्द करायलाही तेवढेच.