सोलर प्रकल्पाला जनसुनावणी नाही. मग माळावरच्या पाण्याचं बघायचं कुणी?

बार्शी : शेतीला दिवसा वीज पाहिजे, यावर बार्शी तालुक्यात दोन मतं सापडायची नाहीत. डिसेंबर 2024 मध्ये टिपेश्वर अभयारण्यातून निघालेला वाघ येडशीच्या रामलिंग घाटात दिसला, पुढे बार्शी तालुक्यातही फिरला. त्या दिवसांत रात्रीच्या लाईटवर दारे धरायला जाणाऱ्यांची काय अवस्था झाली, ते गावोगाव माहीत आहे. साप-विंचवाची भीती तर आधीपासूनचीच.

त्यामुळे मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेला विरोध करण्याचं कारण नाही. योजना 2017 मध्ये सुरू झाली, 2023 मध्ये तिचा दुसरा टप्पा आला. सबस्टेशनच्या जवळपास, पाच-दहा किलोमीटरच्या आत जागा बघायची, तिथे सोलर प्रकल्प उभारायचा आणि त्याची वीज शेतीच्या फीडरला दिवसा द्यायची, असा हा हिशोब. दुसऱ्या टप्प्यातला पहिला प्रकल्प छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यात, वैजापूर तालुक्यातल्या धोंदलगावला 2024 मध्ये चालू झाला. तो 3 मेगावॅटचा आहे आणि त्यावर दीड हजाराहून जास्त शेतकऱ्यांचे पंप दिवसा चालतात. ज्या गावात असा प्रकल्प होतो, त्या ग्रामपंचायतीला वर्षाला 5 लाख रुपये, असे तीन वर्षे मिळायची तरतूद आहे.

जमीन भाड्याने देणाऱ्यालाही पैसे बरे आहेत. हेक्टरी वर्षाला किमान 1 लाख 25 हजार, म्हणजे एकरी साधारण 50 हजार. पावसाच्या भरवशावरच्या खडकाळ रानात ज्वारी-तुरीतून एवढे राहत नाहीत. पण एक बारीक गोष्ट बघायला पाहिजे. भाड्यातली वाढ वर्षाला 3 टक्के आहे आणि तीही सरळ, चक्रवाढ नाही. म्हणजे पंचविसाव्या वर्षी एकरी 87 हजारांच्या आसपास हातात येणार. पंचवीस वर्षांपूर्वी मजुरीचा दर काय होता आणि आज काय आहे, हे आठवलं की या 87 हजारांची त्या वेळची किंमत ज्याची त्याला कळेल.

पण भाडं निदान करारात लिहिलेलं असतं. माळावरच्या पाण्याचं, चराईचं, पाखरांचं कुठेच लिहिलेलं नसतं. खरी अडचण तिथे आहे.

दक्षिण सोलापुरात फताटेवाडी-आहेरवाडीला एनटीपीसीचं 1320 मेगावॅटचं कोळशावरचं वीज केंद्र आहे, त्याला पाणी उजनीचं. असल्या केंद्राला 2006 च्या पर्यावरण अधिसूचनेनुसार आधी अभ्यास करावा लागतो. मान्यताप्राप्त पर्यावरण सल्लागार हवा, पाणी, माती, जनावरं यांची मोजमापं घेतो. अहवालाचा सारांश मराठीत द्यावा लागतो. किमान 30 दिवस आधी पेपरात नोटीस येते आणि जिल्हाधिकारी किंवा त्यांच्या अधिकाऱ्यापुढे जनसुनावणी होते. शेतकरी उठून बोलतो ते लिहून घेतलं जातं, कंपनीला त्याचं उत्तर द्यावं लागतं. सल्लागाराचे पैसे कंपनीच देते, त्यामुळे त्याची लेखणी कुठे झुकते यावर लोक बोलतात आणि ते चुकीचंही नाही. तरी कागद तयार होतो. उद्या भांडण झालं, तर हरित लवादापुढे दाखवायला काहीतरी असतं.

सोलर आणि पवनचक्की त्या अधिसूचनेच्या यादीतच नाहीत. धूर नाही, राख नाही, म्हणून सूट. हवेपुरतं ते बरोबरही आहे. बारा-पंधरा एकरांच्या प्रकल्पाला दोन-दोन वर्षांचा अभ्यास लावणं शहाणपणाचं नाही. पण सूट दिली याचा अर्थ परिणाम नाहीच, असा लावला जातो, तिथे घोळ होतो.

माळरान म्हणजे पडीक, हा सरकारी कागदावरचा शब्द. गावाला माहीत असतं की माळावर पडलेलं पाणीच खालच्या ओढ्याला आणि विहिरींना येतं. जलयुक्त शिवारात अशाच उतारांवर सलग समतल चर खोदले, बांधबंदिस्ती झाली. प्रकल्पासाठी जेसीबी फिरून जागा सपाट झाली की चर बुजतात. पॅनेलवरचं पाणी खालच्या कडेने एका रेषेत पडतं, गवत नसलं तर माती घेऊन पळतं. वरच्याने जमीन भाड्याने दिली, खालच्याच्या रानात पाणी घुसलं, अशी वेळ कुठेही येऊ शकते. सप्टेंबर 2025 मध्ये सीनेला आलेला पूर जिल्ह्याने पाहिला आहे. अवर्षणाच्या पट्ट्यातही पाऊस आता एकदम कोसळतो. उताराचं गणित चुकवून चालण्यासारखे दिवस राहिलेले नाहीत.

गायरानावर प्रकल्प आला तर आणखी वेगळं. तिथे भाडं कुणा शेतकऱ्याला मिळत नाही, सरकारी जागा नाममात्र दराने जाते आणि मेंढरं-शेरडं चारणाऱ्याला मात्र कुंपण लागतं. त्याच्या नावावर जमीन नसते, त्यामुळे त्याला कुणी विचारतही नाही.

पाखरांचं म्हणाल तर बार्शी-सोलापूर रस्त्यावरचं नान्नज लांब नाही. माळढोकासाठी 1979 मध्ये हे अभयारण्य झालं. आज तो पक्षी तिथे दिसणं मुश्किल झालंय. राजस्थान-गुजरातेत विजेच्या तारांना धडकून माळढोक मरतात म्हणून प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. 2021 मध्ये तारा जमिनीखालून न्या असा आदेश झाला, मार्च 2024 मध्ये तो सैल करून तज्ज्ञांची समिती नेमली गेली. आपल्याकडच्या माळावर लांडगा, काळवीट, धाविक आहेतच.

कायद्याने सल्लागार दिला नाही, तर ते काम ग्रामसभेला करावं लागेल. त्याला फार शिक्षण लागत नाही. गाव नकाशा पुढे ठेवून ओढे, चर, पाणंद रस्ते आणि चराईच्या वाटा दाखवायच्या. पाणी कुठून येतं, कुठे जातं याचा आराखडा कंपनीकडून लेखी मागायचा. प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता समिती असते आणि तिची लोक जैवविविधता नोंदवही असते. बऱ्याच ठिकाणी ती कपाटात पडून आहे. ती बाहेर काढली तर कुठल्या माळावर काय आहे, याचा गावाकडे स्वतःचा कागद होतो. हे सगळं जागा ठरण्याआधी व्हायला हवं, कारण कुंपण पडल्यावर केलेल्या अर्जाला पोच मिळते आणि तेवढंच.

करारावर सही करणाऱ्याने शेवटच्या पानावरही नजर टाकावी. मुदत संपल्यावर पॅनेल, लोखंड आणि जमिनीतलं काँक्रीट कोण काढणार, किती महिन्यांत, आणि नाही काढलं तर काय? ई-कचऱ्याच्या 2022 च्या नियमांत सोलर पॅनेल धरलेले आहेत, पण ते नियम पॅनेल बनवणाऱ्यांना लागू होतात. रानातलं काँक्रीट उकरून द्यायची जबाबदारी करारात लिहून घेतली असेल, तरच ती कुणाची तरी असते.