वहिनी, चावी सोडू नका!



रत्नागिरी शहरालगत टेम्पो-रिक्षांची बॉडी बांधणारा एक छोटा गाळा आहे. पत्राकाम, वेल्डिंग, रंग आणि हाताखाली तीन पोरे. गाळ्याचे मालक, आमचे एक समाजबांधव, मागच्या पावसाळ्यात कालकथित झाले. जलदान विधीला आम्ही गेलो होतो. त्रिसरण-पंचशील झाले, भाषणे झाली. चहाला बसल्यावर भावकीतील एकाने विचारले, "आता गाळा कोणाला चालवायला द्यायचा?" वहिनी आत बसल्या होत्या. गाळ्याचा हिशेब वर्षानुवर्षे त्यांनीच लिहिला. पत्र्याचा भाव, कोणाची उधारी किती, सारे त्यांना तोंडपाठ. पण त्यांना विचारावे असे कोणालाच वाटले नाही. त्या बैठकीत आम्हीही गप्प बसलो, हे कबूल केले पाहिजे.

व्हिक्टोरिया राणीच्या काळात इंग्लंडात घोडागाड्या बांधणाऱ्या कारखानदाराचा मृत्यू झाला की कधी कधी त्याची विधवा कारखाना सांभाळी. गंमत अशी की, नवरा जिवंत असेपर्यंत तिच्या नावावर जवळजवळ काहीच राहत नसे. लग्न झालेल्या बाईच्या मिळकतीचे कायदे तिथे १८७० आणि १८८२ साली झाले. तोवर व्यवहारात बाईला स्वतःचे नाव मिळे ते विधवा झाल्यावरच. आपल्याकडे उलटे! नवरा गेला की बाईचे होते नव्हते तेही जाई. १९३७ च्या कायद्याने विधवेला वाटा दिला, पण तो हयातीपुरता. खरी मालकी नाहीच.

हे बदलावे म्हणून परमपूज्य बाबासाहेबांनी हिंदू कोड बिल मांडले. ते रखडवले गेले आणि १९५१ साली त्यांनी मंत्रिपदाचा राजीनामा दिला. राजीनाम्याची इतरही कारणे होती, पण हे मोठे कारण. पुढे १९५६ साली वारसा कायदा झाला. त्याच वर्षी बाबासाहेबांनी आपल्याला धम्म दिला. या कायद्याच्या नावात 'हिंदू' असले तरी तो बौद्धांनाही लागू आहे. मृत्युपत्र न करता पती गेला, तर त्याच्या स्वकमाईच्या मिळकतीत पत्नी, मुलगे, मुली आणि पतीची आई यांना सारखा वाटा. हे वारस असताना भावांना त्यात वाटा नाही. आणि विधवेचा वाटा आता हयातीपुरता नाही, पूर्ण मालकीचा आहे.

बाई कारखाना चालवू शकते का, असे विचारणाऱ्यांनी कल्पना सरोज यांच्याकडे पाहावे. अकोला जिल्ह्यातील रोपरखेडा गावची, पोलीस शिपायाची ही मुलगी. बाराव्या वर्षी लग्न, सासरी छळ. तिथून सुटून मुंबईत होजिअरीच्या कारखान्यात मजुरी केली. दुसऱ्या लग्नानंतर १९८९ साली पती वारले. त्यांचा लोखंडी कपाटांचा धंदा कल्पनाताईंनी बंद पडू दिला नाही. पुढे कर्जात आणि कोर्टकज्ज्यांत बुडालेली कमानी ट्यूब्स ही कंपनी कामगारांच्या विनंतीवरून हाती घेतली आणि २००६ साली त्या तिच्या अध्यक्ष झाल्या. २०१३ साली त्यांना पद्मश्री मिळाली.

सगळ्याच बायका कंपनीच्या अध्यक्ष होणार नाहीत. पण गाळा, टपरी, गावचे घर आपल्या नावाने चालवणे हा त्यांचा हक्क आहे. म्हणून बांधवांनो, जिवंतपणीच पत्नीचे नाव भाडेकरारात, परवान्यात, बँकखात्यात घाला. भगिनींनो, दुःखाच्या दिवसांत कोणी पुढे केलेल्या कोऱ्या कागदावर सही करू नका. मृत्यूचा दाखला घ्या आणि जमीन असेल तर तीन महिन्यांच्या आत तलाठ्याकडे वारसनोंदीचा अर्ज द्या. पोच घ्यायला विसरू नका. २०२२ साली कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाडच्या ग्रामपंचायतीने कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे बंद करण्याचा ठराव केला. तो चांगलाच. पण बांगड्या राहिल्या आणि चावी गेली, तर काय उपयोग?

आठवड्याने आम्ही वहिनींकडे गेलो. त्यांच्याबाबत बैठकीत बोललो नाही, याची माफी मागितली. त्या म्हणाल्या, "भाऊजी, चावी माझ्याकडेच आहे. फक्त अर्ज कसा लिहायचा ते सांगा."

अर्ज आम्ही तिथेच बसून लिहिला. सही त्यांनी केली, स्वतःच्या नावाची.