‘गॅस संपला’ म्हणणाऱ्याला प्रश्न विचारा

आमच्या वस्त्यांमध्ये फ्रिज हप्त्यावर येतो. कळव्याची चाळ असो की कल्याण पूर्वेची एक खोली, पोटाला चिमटा काढून हप्ते फेडले जातात. आणि फ्रिज थंड करेनासा झाला की मेकॅनिकचे एकच वाक्य ऐकू येते, “गॅस संपला.” घरातला माणूस मुकाट्याने पैसे काढून देतो. आमचा सवाल एवढाच आहे, की गॅस संपला म्हणजे नेमके काय झाले?

फ्रिजमधला गॅस हा स्वयंपाकाच्या सिलिंडरसारखा जळून संपत नाही. बंद नळ्यांमध्ये तोच गॅस वर्षानुवर्षे फिरत असतो. कॉम्प्रेसर त्याला दाबतो, मागच्या जाळीत तो उष्णता सोडून द्रव होतो आणि फ्रीजरमध्ये पुन्हा वायू होताना आतली उष्णता शोषून घेतो. तेव्हा गॅस कमी झाला असेल, तर तो कुठेतरी गळला आहे. गळती बंद न करता गॅस भरणे म्हणजे फुटक्या माठात पाणी ओतणे होय.

हे आमच्याच घरी घडले. मेकॅनिकने दोनदा गॅस भरला, दोनदा पैसे घेतले. तिसऱ्यांदा शेजारच्या आयटीआय शिकलेल्या मुलाने साबणाचे पाणी लावून फ्रीजरवरचा बुडबुडा दाखवला. सुरीने बर्फ खरवडताना ते भोक आम्हीच पाडले होते! चूक आमची होती. पण ती दाखवून देण्यापेक्षा आमचे अज्ञान त्या मेकॅनिकला अधिक फायद्याचे वाटले.

पुष्कळदा तर दोष गॅसचा नसतोच. लहान खोलीत फ्रिज भिंतीला चिकटवून, शेगडीशेजारी ठेवलेला असतो. मागच्या जाळीवर धूळ साचते आणि उष्णता बाहेर जात नाही. प्लग काढून जाळी ब्रशने झाडावी, मागे वीतभर जागा सोडावी. दाराच्या रबरात कागद अडकवून ओढून पाहावा. तो सहज निघाला, तर गार हवाही तिथूनच निघून जाते. बर्फ वाढला तर फ्रिज बंद करून तो आपोआप वितळू द्यावा. मागच्या ट्रेमधले पाणी आठवड्याला ओतून टाकावे, कारण डेंग्यूचा डास तिथेही वाढतो.

विजेचेही असेच. २००५ नंतरच्या लोडशेडिंगच्या वर्षांत कल्याण-डोंबिवलीकरांनी वीज जाण्या-येण्याचा त्रास भोगला. वीज आली की लगेच नव्हे, तर पाचेक मिनिटांनी फ्रिज सुरू करावा. नाहीतर कॉम्प्रेसरवर ताण येतो. २६ जुलै २००५ आणि २०१९ च्या जुलैतही उल्हास नदीचे पाणी घराघरांत शिरले. पाण्यात बुडालेला फ्रिज तपासून घेतल्याशिवाय प्लगला लावणे जिवावर बेतू शकते. अर्थिंग नसलेल्या चाळीत तर हा धोका रोजचाच आहे.

बाबासाहेब १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सदस्य होते. देशाच्या विजेचे नियोजन त्यांच्याच खात्याकडे होते. स्वस्त आणि मुबलक विजेशिवाय उद्योग वाढणार नाहीत व गरिबी हटणार नाही, ही त्यांची भूमिका होती. ती वीज आज आमच्या घरात आली. पण तिच्यावर चालणाऱ्या यंत्राचे ज्ञान मात्र दुसऱ्याच्याच हाती राहिले, तर आमची लूट थांबणार कशी?

म्हणून मेकॅनिकला विचारा: गळती कुठे आहे? गॅस कोणता? नव्या फ्रिजमध्ये बहुधा आर-६००ए असतो आणि तो पेट घेतो. ते काम शिकलेल्या हातांचेच आहे. बदललेला पार्ट परत मागा, लेखी बिल घ्या. आणि आमच्या वस्त्यांतली फ्रिज-एसीचा ट्रेड शिकलेली मुले-मुली रविवारी तासभर विहारात बसून आयाबहिणींना एवढे समजावून सांगू शकणार नाहीत काय? प्रश्न विचारणारे गिऱ्हाईक सहसा फसत नाही.