वाफेला बेडी, धुराला परवाना

आधीच सांगून टाकतो, म्हणजे नंतर "हा स्वतः ओढतो म्हणून असे लिहितो" असे कुणी म्हणायला नको. मी ओढतो. ओढतो म्हणूनच लिहितो आहे. ज्याने कधी काडी पेटवली नाही त्याने सिगारेट सोडण्यावर व्याख्यान द्यावे आणि ज्याची सुटत नाही त्याने मान खाली घालून ऐकावे, हा आपल्याकडचा जुना रिवाज आहे. तो आज मोडतो.

माझी पहिली सिगारेट १९८२ सालची, पणजीत कॉलेजात असतानाची. वय एकोणीस. वडील विडी ओढायचे आणि खोकत खोकतच गेले. ते डोळ्यांनी पाहूनही मी ओढत राहिलो. दिवसाला बारा, लग्नसराईत अठरा. सोडायचे प्रयत्न किती केले याचा हिशेब बायकोकडे आहे. दर चवथीला माटोळी बांधताना सोडायची आणि गणपती पोचवून परतताना तिठ्यावरच्या गाड्यावर थांबायचे. पाच दिवसांचा गणपती असला की पाच दिवस, दीड दिवसाचा असला की दीड दिवस!

तर २०२४ च्या उन्हाळ्यात बहिणीच्या मुलाकडे इंग्लंडात गेलो होतो, स्विंडनला. आपल्या वाचकांना स्विंडन सांगायला नको, गोव्यातल्या निम्म्या गावांचे कुणी ना कुणी तिथे आहे. तिकडे सिगारेटचे पाकीट पंधरा पौंडांच्या आसपास. दोन दिवसांत माझे तोंड उतरले. भाच्याने ते पाहिले आणि तिसऱ्या दिवशी एक छोटे यंत्र हातावर ठेवले. "मामा, सुटत नसेल तर निदान धूर तरी सोडा."

यंत्र म्हणजे काडेपेटीपेक्षा थोडे लांब, जेमतेम बोटभर रुंद. आत बॅटरी, वर काढता-घालता येणारी प्लॅस्टिकची कुपी. तिला पॉड म्हणतात. कुपीत दोन मिलिलिटर द्रव मावतो. युरोपात कायद्याने तेवढीच मर्यादा आहे आणि इंग्लंडने ती पुढेही चालू ठेवली. द्रवात निकोटिनही मिलिलिटरला २० मिलिग्रॅमपेक्षा जास्त चालत नाही. कुपीच्या बाजूला रबराचे बूच. ते उघडून बाटलीतून द्रव भरायचा. आत कापसाची वात आणि तिच्याभोवती बारीक तार असते. ओढले की तार तापते, वातीतला द्रव वाफ होऊन तोंडात येतो. जळत काहीच नाही. सगळी गोम इथेच आहे. सिगारेटच्या टोकाला तंबाखू जळतो, जळताना डांबर तयार होते, कार्बन मोनॉक्साइड तयार होतो, हजारो रसायने तयार होतात आणि त्यांतली सत्तरएक कर्करोगाला आमंत्रण देणारी असतात. माणसाला गुलाम करते निकोटिन, मारतो मुख्यतः धूर. ही दोन कामे दोन वेगळ्या आरोपींची आहेत, आणि आपण दोघांना एकाच दोरीने बांधून ठेवले आहे.

आता त्या यंत्राचे गुणदोष, जसे मला दिसले तसे.

पहिला गुण, घसा. द्रवात निकोटिनचे क्षार असतात, त्यामुळे ते घशाला फारसे टोचत नाही. मी २० ने सुरुवात केली. पहिल्या दिवशी चार सिगारेटी ओढल्या, दुसऱ्या दिवशी दोन, आठव्या दिवसापासून एकही नाही. बेचाळीस वर्षांत असे झाले नव्हते. दुसरा गुण, खर्च. दहा मिलिलिटरची बाटली मला चार-पाच दिवस पुरायची आणि तिची किंमत सिगारेटच्या पाकिटाच्या तिसऱ्या हिश्शाएवढीही नव्हती. तिसरा गुण, पुन्हा भरता येणे. एकदा वापरून फेकायची रंगीबेरंगी यंत्रे तिथे पोरे रस्त्यात टाकत असत. २०२३ साली ब्रिटनमध्ये आठवड्याला सुमारे पन्नास लाख अशी यंत्रे फेकली जात होती, प्रत्येकात एक लिथियमची बॅटरी! १ जून २०२५ पासून त्यांवर तिथे बंदी आली, ते योग्यच झाले.

दोषही मोजा. नवी कुपी भरल्यावर वात भिजायला दहा मिनिटे थांबावे लागते. न थांबता ओढले तर जळक्या कापसाची अशी चव येते की दिवसभर जेवण जात नाही. गोड चवीच्या द्रवाने तार लवकर काळी पडते, मग आठवड्याला नवी कुपी. खिशात आडवे राहिले की पाझरते, माझे दोन सदरे गेले. द्रवाची बाटली घरात लहान मूल असेल तर कडीकुलपात ठेवावी लागते, कारण निकोटिन पोटात गेले तर ते विषच. पण सगळ्यांत मोठा दोष वेगळाच. सिगारेट संपते. बोट भाजायला लागले की माणूस थोटूक टाकतो आणि कामाला लागतो. हे यंत्र संपतच नाही. मी वाचताना ओढू लागलो, दूरदर्शन बघताना ओढू लागलो, रात्री तहान लागून उठलो तरी हात उशीखाली! धूर सुटला, दास्य सुटले नाही. पुढे मी १० च्या द्रवावर उतरलो, पण शून्यावर उतरलो नाही.

याला संशोधनाचाही आधार आहे. २०१९ साली ब्रिटनमधली एक मोठी चाचणी प्रसिद्ध झाली. सिगारेट सोडू इच्छिणाऱ्यांपैकी एका गटाला पुन्हा भरता येणारे यंत्र दिले, दुसऱ्याला निकोटिनचे च्युइंग गम, पट्ट्या वगैरे. वर्षअखेर यंत्रवाल्यांपैकी १८ टक्के लोक सिगारेटमुक्त होते, गम-पट्टीवाल्यांपैकी ९.९ टक्के. म्हणजे जवळजवळ दुप्पट. पण त्या सिगारेटमुक्त यंत्रवाल्यांपैकी ८० टक्के लोक वर्षानंतरही यंत्र ओढतच होते. वाफेचे वकील पहिला आकडा सांगतात, विरोधक दुसरा. दोन्ही एकाच चाचणीतले आहेत आणि दोन्ही सांगितल्याशिवाय खरे चित्र दिसत नाही.

तीन महिने झाले. सकाळचा खोकला गेला. भाच्याकडचे दोन जिने न थांबता चढू लागलो. रक्तदाब होता तिथेच राहिला, हेही लिहून ठेवतो. मग परतीचा दिवस आला.

आपल्याकडे १८ सप्टेंबर २०१९ रोजी वटहुकूम निघाला आणि त्याच वर्षी डिसेंबरात त्याचा कायदा झाला. ई-सिगारेटचे उत्पादन, आयात, निर्यात, वाहतूक, विक्री, वितरण, साठा, जाहिरात, सगळे बंद. पहिल्या गुन्ह्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. दुसऱ्यांदा सापडलात तर तीन वर्षांपर्यंत कैद आणि पाच लाखांपर्यंत दंड. मी साठी उलटलेला माणूस, विमानतळावर खिसे उलटे करून उभे राहायची हौस नाही. यंत्र भाच्याच्या टेबलावर ठेवले आणि विमानात बसलो. घरी आल्यावर दहा दिवस तग धरला. अकराव्या दिवशी दूध आणायला गेलो आणि गाड्यावरून एक सुटी सिगारेट घेतली. ना कुणी अडवले, ना कुणी काही विचारले. गाडेवाल्याने उलट प्रेमाने विचारले, "खूप दिवसांनी दिसलात?"

वाचकहो, माझा राग इथे आहे. जी वस्तू मला धुरापासून तीन महिने दूर ठेवू शकली ती विकणारा गुन्हेगार. जी वस्तू मला मारणार हे तिच्या पाकिटावर चित्रासकट छापलेले आहे ती विकणारा सन्माननीय व्यापारी. वटहुकूम जाहीर झाला त्याच दिवशी शेअर बाजारात सिगारेट कंपन्यांचे भाव वधारले. देशातल्या सगळ्यात मोठ्या सिगारेट कंपनीचे भाग सरकारी आयुर्विमा महामंडळाच्या पेटीत आहेत. म्हणजे माझ्या मरणाचा विमा उतरवणारा आणि माझ्या सिगारेटच्या नफ्यातला वाटेकरी एकच! यात कट आहे असे मी म्हणत नाही. पण धुरावर कर मिळतो, एवढे तर आंधळ्यालाही दिसते.

"पोरांसाठी केले," असे सांगतात. हा मुद्दा खोटा नाही. अमेरिकेत एका चटपटीत यंत्राने २०१५ नंतर शाळाच्या शाळा पकडल्या. २०१९ च्या पाहणीत तिथल्या हायस्कूलच्या मुलांपैकी २७.५ टक्के मुले वाफ ओढणारी निघाली. त्या यंत्रातल्या द्रवाची तीव्रता युरोपच्या मर्यादेच्या जवळजवळ तिप्पट होती. म्हणजे मर्यादा न घालण्याचे हे फळ. त्याच वर्षी तिकडे फुप्फुसे निकामी होऊन माणसे मेली, फेब्रुवारी २०२० पर्यंत ६८. ते ऐकून आपल्याकडे कल्ला झाला. पण तपासात मुख्य आरोपी निघाले ते ई जीवनसत्त्वाचे एक तेलकट रूप, गांजाच्या अर्काच्या, बहुतांशी चोरट्या बाजारातल्या कुप्यांत मिसळलेले. यातून धडा कुठला घ्यायचा? चोरटा माल जीव घेतो, हा. आणि आपण काय केले? सगळा मालच चोरटा करून टाकला! आज किनारपट्टीवर विचारणाऱ्याला यंत्र मिळते, फेकायचेच मिळते, आत काय आहे ते विकणाऱ्यालाही ठाऊक नसते. वय विचारणारा कुणी नाही. बंदीने पोरे वाचली नाहीत, पोरांना वाण्याऐवजी स्मगलर भेटला.

माझे एक डॉक्टर मित्र यावर रागावले. म्हणाले, "शरद वैद्यांच्या गोव्यात तू वाफेची बाजू घेतोस?" हा टोला लागला. डॉ. शरद वैद्य हे शल्यचिकित्सक, तंबाखूने पोखरलेली तोंडे आणि घसे रोज कापून थकले आणि तंबाखूच उपटायला निघाले. धूम्रपान आणि थुंकण्याला आळा घालणारा गोव्याचा कायदा १९९७ चा. देशाचा तंबाखूविरोधी कायदा २००३ चा, म्हणजे आपण दिल्लीच्या सहा वर्षे पुढे होतो. २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीत देशात २८.६ टक्के प्रौढ तंबाखू वापरणारे निघाले, गोव्यात ९.७ टक्के. ज्या भूमीवर पोर्तुगिजांनी तंबाखू उतरवला आणि त्याच्या मक्त्यावर तिजोरी भरली, तिथे हा आकडा! त्याचा मला अभिमान आहे. पण डॉक्टर, तुमचे यश त्या नव्वद टक्क्यांचे आहे. मी उरलेल्या नऊ-दहांतला. आमच्यासाठी तुमच्याकडे काय आहे? चित्र आहे, दंड आहे, लाज आहे. वाट कुठे आहे?

वाट अशी असू शकते. ऑस्ट्रेलियाने २०२४ पासून ही यंत्रे दुकानांतून काढून फक्त औषधालयांत ठेवली. वय तपासायचे, फार्मासिस्टने बोलायचे, मर्यादेपेक्षा तीव्र द्रव द्यायचा नाही, चवी जवळजवळ नाहीत, पाकिटावर रंगरंगोटी नाही. ही व्यवस्था निर्दोष नाही, तिथेही काळा बाजार आहे. पण तिथला साठीचा ओढकरी निदान औषधालयाच्या दारात उभा राहतो, गुन्हेगारासारखा मागच्या गल्लीत नाही. आपल्या सरकारला हेही नको असेल तर दुसरी प्रामाणिक वाट आहे, सिगारेट आणि विडी यांच्यावरही तीच बंदी घाला, त्याच कलमांनी, त्याच दंडाने. मी पहिला टाळ्या वाजवीन. दोन्हीपैकी एकही करायचे नाही आणि वर "जनतेच्या आरोग्यासाठी" असे लिहायचे, हे ढोंग मात्र बंद करा. मांडवीत कॅसिनो तरंगत ठेवून जुगाराच्या व्यसनावर प्रवचन देणाऱ्या राज्यात ढोंगाची ही जात ओळखायला कठीण नाही.

आता एक शब्द तरुणांना. माझा हा लेख दाखवून कुणी यंत्र घेईल तर मी त्याच्या कानाखाली देईन. जो ओढत नाही त्याला या वाफेत काही म्हणजे काही मिळवायचे नाही, निकोटिनची साखळी तेवढी पायात पडेल. आणि वाफेसोबत सिगारेटही चालू ठेवणाऱ्यांनी आपण काही कमावले असे समजू नये. हे यंत्र बुडणाऱ्यासाठी फळी आहे. काठावर बसलेल्याने तिच्यावर चढून नदीत जायचे कारण नाही.

असो. सध्या मी औषधालयात राजरोस मिळणारे निकोटिनचे गम चघळतो. १८००-११-२३५६ या सरकारी मदतवाहिनीवरच्या बाईंशी दोनदा बोललो, चांगल्या बोलतात, उपदेश करीत नाहीत. बारावरून चारवर आलो आहे. चार म्हणजे शून्य नव्हे, हे बायको रोज सांगते. यंदाच्या चवथीला पुन्हा सोडणार आहे. आमचा गणपती दीड दिवसाचा. पुढचे माझे मला बघावे लागेल.