वाकड्या मानेची बाटली

दिवाळी जवळ आली की आपल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर चकलीच्या भाजणीबरोबर साफसफाईच्या पाककृतीही फिरू लागतात. 'केमिकल टाळा, घरच्या घरी करा.' आयुष्यभर रसायनशास्त्र शिकवल्यामुळे 'केमिकल-फ्री' वाचलं की मला हसू येतं. पाणी हेही रसायनच की!

सर्वांत लाडकी कृती म्हणजे व्हिनेगरमध्ये खायचा सोडा. छान फसफसतं, काहीतरी घडतंय असं वाटतं. प्रत्यक्षात दोघे एकमेकांना निकामी करतात. फेस ओसरल्यावर उरतं ते पाणी आणि थोडं सोडियम ॲसिटेट. त्यापेक्षा दोन्ही वेगवेगळे वापरावेत. सोडा चिकट, तेलकट भांडी घासायला आणि व्हिनेगर केटलमधला पांढरा थर काढायला. हा थर लंडनकरांच्या नशिबी आहे, कारण आपलं पाणी खडूच्या खडकांतून येतं. ग्लासगोला लॉख कॅट्रिनचं मऊ पाणी मिळतं, तिथे हा त्रास नाही. म्हणून किसलेल्या साबणाची घरगुती 'लिक्विड' तिकडे कदाचित चालेलही. इकडे साबण पाण्यातल्या कॅल्शियमशी मिळून साका धरतो आणि शर्ट करडे पडतात. कपड्यांसाठी दुकानातली पावडर आणा, असं मी बेलाशक सांगतो.

आपल्या आज्यांचं शास्त्र मात्र पक्कं होतं. तांब्याच्या कलशावरचा काळपट थर हा मुख्यतः ऑक्साइडचा. चिंचेतलं टार्टारिक आम्ल तो विरघळवतं. रिठ्यात सॅपोनिन असतं, त्याचा साबणासारखा फेस होतो. पण तीच चिंच किंवा लिंबू संगमरवरी देव्हाऱ्याला लावू नका. संगमरवर म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट. त्याची चकाकी एका पुसण्यात जाते. गावाकडच्या कडप्प्याच्या ओट्याचंही तेच.

आणि 'नैसर्गिक' म्हणून संत्र्याच्या साली व्हिनेगरमध्ये मुरवता ना? त्यांत लिमोनीन असतं. इथल्या कायद्यानुसार सुगंधातलं लिमोनीन ठरावीक प्रमाणापेक्षा जास्त असेल तर बाटलीवर नाव छापावं लागतं, कारण काहींच्या त्वचेला ते सोसत नाही. बाकी घटकांचं प्रमाण '५ टक्क्यांपेक्षा कमी', '५ ते १५ टक्के' असं मोघम असतं. पूर्ण यादी कंपनीच्या वेबसाइटवर द्यावीच लागते. घरात कुणाला एक्झिमा असेल तर ती जरूर वाचा. तुमच्या मुरवलेल्या बाटलीवर मात्र काहीच लिहिलेलं नसतं.

हे सगळं शर्ट आणि देव्हाऱ्यापुरतं झालं. मला खरी काळजी आहे ती सहा महिन्यांसाठी आलेल्या आई-बाबांची. भारतात टॉयलेटसाठी असते ती वाकड्या मानेची बाटली बहुधा हायड्रोक्लोरिक आम्लाची. इथे तशाच वाकड्या मानेच्या बाटलीत बऱ्याचदा ब्लीच, म्हणजे सोडियम हायपोक्लोराइट असतं. शेजारी क्षार काढणारी दुसरी बाटली, तिचीही मान तशीच, तिच्यात आम्ल. आधी एक ओतायची, डाग गेला नाही म्हणून वर दुसरी, नाहीतर ग्रुपवर वाचलेलं व्हिनेगर. ब्लीचमध्ये आम्ल पडलं की क्लोरीन वायू सुटतो. १९१५ साली यिप्रच्या खंदकांत सैनिकांवर सोडला होता, तोच. आणि आपली बाथरूम केवढी, तर जेमतेम एक माणूस मावेल एवढी. नोव्हेंबरात खिडकी बंद, आई आत कमोडवर वाकलेली.

नातवंडांनो, हे काम तुमचं. या शनिवारी सिंकखालचं कपाट उघडा. ब्लीचच्या प्रत्येक बाटलीवर मोठ्या अक्षरांत मराठीत चिठ्ठी चिकटवा: 'यात दुसरं काहीही मिसळू नका'. मराठी लिहिता येत नसेल तर आजीकडून लिहून घ्या, म्हणजे तिचं वाचूनही होईल. उग्र वास आला, डोळे चुरचुरले, तर साफ करत बसायचं नाही. लगेच बाहेर यायचं, दार लावायचं, आणि श्वासाला त्रास होत असेल तर ९९९.