बचत गटाची कणगी

बीदर आणि कलबुर्गी या दोन जिल्ह्यांच्या सीमेवरील आपल्या कोहिनूर परिसरात बचत गट ही आता नवलाईची गोष्ट राहिलेली नाही. मराठी घरांत त्याला बचत गट म्हणतात, कानडी घरांत संघ, काम एकच. ठरलेली रक्कम जमा करायची, वहीत मांडायची आणि जिला नड असेल तिला कर्ज द्यायचे. सावकाराच्या ओट्याकडे जाणारी काही पावले या वहीने मागे वळवली, हे मान्य केलेच पाहिजे. पण या वहीत एक रकाना नाही. सभासद बाईच्या घरात किती महिन्यांची ज्वारी शिल्लक आहे, हे तीत लिहिले जात नाही. तो रकाना असला पाहिजे, एवढेच प्रस्तुत लेखाचे म्हणणे आहे.

तो रकाना का नाही, हे या चळवळीच्या इतिहासावरून कळते. कर्नाटकात 1980 नंतरच्या दशकात 'मायराडा' या संस्थेने असे गट उभे केले. 1987 साली नाबार्डने त्यांना साहाय्य दिले आणि 1992 मध्ये 500 गट बँकांशी जोडण्याचा प्रयोग देशभर सुरू केला. 2000-01 मध्ये राज्य सरकारची स्त्रीशक्ती योजना आली. आपल्या बीदर जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँकेने तर गटांना कर्ज देण्यात सहकारी बँकांमध्ये आघाडी घेतली. बँक आली तसा बँकेचा हिशेबही आला. वेळेवर परतफेड करणारा गट तो चांगला गट, असे ठरले. त्या गटातल्या बाईने आषाढात काय खाल्ले, हा प्रश्न कोणत्याच तक्त्यात बसला नाही.

दरम्यान आपले शिवार बदलले. ज्वारी, मूग, उडीद, तूर, करडई अशी मिसळीची पिके जिथे होती, तिथे सोयाबीन पसरले. सोयाबीनने रोख पैसा दिला, यात शंका नाही. पण सोयाबीन भाकरी देत नाही आणि जनावराला कडबाही देत नाही. सुगीला शेतकरी पडेल त्या भावाने माल विकतो आणि पावसाळ्यात चढ्या भावाने ज्वारी विकत घेतो. या दोन भावांमधला फरक ज्या घराला सोसावा लागतो, त्या घराची बचत वहीत वाढत असली तरी ताटात घटत असते.

कोणी म्हणेल, रेशन आहे ना! आहे, आणि ते हवेच. 2013 च्या अन्नसुरक्षा कायद्याने गरीब घरातल्या प्रत्येक माणसाला दरमहा 5 किलो धान्याचा हक्क दिला. त्याच वर्षी राज्यात अन्नभाग्य योजना सुरू झाली. तिने अनेकांची उपासमार टाळली. पण रेशनच्या पोत्यात मुख्यतः तांदूळ असतो. डाळ, तेल, भाजी बाहेरूनच आणावी लागते. 2019 ते 2021 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत कर्नाटकातल्या 15 ते 49 वयाच्या 47.8 टक्के स्त्रियांच्या अंगात रक्त कमी आढळले. पोट भरणे आणि पोषण होणे या दोन गोष्टी भिन्न आहेत, हेच हा आकडा सांगतो.

मग गट काय करू शकतो? याचे उत्तर शोधायला फार दूर जायला नको. बीदरच्या पूर्वेला जहिराबाद आहे. तिथे 1983 साली स्थापन झालेल्या डेक्कन डेव्हलपमेंट सोसायटीच्या संघांतील स्त्रियांनी, ज्यांत बहुसंख्य दलित होत्या, 1990 नंतरच्या दशकात गावचा धान्यनिधी उभारला. पडीक जमिनी कसायला कर्ज दिले, पण त्याची फेड ज्वारीच्या रूपाने घेतली. ती ज्वारी गावातच साठवली आणि टंचाईच्या महिन्यांत गरिबांना कमी दराने दिली. अधिक गरीब कोण, हे गावाने सर्वांसमक्ष बसून ठरवले. आपल्या पश्चिमेला लातूर-धाराशिवकडे स्वयम शिक्षण प्रयोग या संस्थेबरोबर काम करणाऱ्या स्त्रियांनी घरच्या जमिनीतला एखादा एकर स्वतःकडे मागून घेतला आणि त्यात धान्य, कडधान्य, भाजीपाला असे घरी खायचे पीक घेतले. या दोन्ही संस्थांना संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाचा इक्वेटर पुरस्कार मिळाला आहे. पश्चिमेच्या संस्थेला 2016 मध्ये, पूर्वेच्या संस्थेला 2019 मध्ये.

आपल्याकडे सुरुवात लहान करावी. समजा, गटात 15 जणी आहेत. रब्बीची ज्वारी घरी येते तेव्हा प्रत्येकीने 20 किलो दिली, तर 3 क्विंटलची कणगी भरते. राख आणि कडुलिंबाचा पाला घालून धान्य टिकवण्याची विद्या आपल्या आजीबाईंना ठाऊक आहे. आषाढात गरजवंतीने 20 किलो न्यावी आणि पुढच्या सुगीला 22 किलो परत करावी. जुना सावकार सवाई-दिढीने धान्य देई, म्हणजे 20 किलोचे 25 नाही तर 30 वसूल करी. गटाचा वाढावा 2 किलोचा, आणि तोही गटाच्याच कणगीत पडणार.

यात अडचणी आहेत. भूमिहीन बाईजवळ सुगीला ज्वारी कुठून येणार? तिला काढणीची मजुरी धान्यात मागण्याची मुभा हवी, नाही तर तिचा वाटा गटाने उधार धरावा. तिला वगळून कणगी भरली, तर ती फक्त शेतवाल्यांची कणगी होईल. शिवाय राखण आणि निवडणे-पाखडणे हे ओझे पुन्हा बायकांवरच टाकून पुरुषांनी पारावर बसावे, हेही चालणार नाही.

विद्यार्थी मित्रहो, यात तुमचेही काम आहे. राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरात आपण रस्ते झाडतो, झाडे लावतो. यंदा एका गावात घरोघर जाऊन एकच प्रश्न विचारावा: घरची ज्वारी कोणत्या महिन्यात संपते? मराठी आणि कानडी विभागाच्या विद्यार्थ्यांनी जोडीने जावे, म्हणजे कोणतेही दार भाषेपायी बंद राहणार नाही. मिळालेली उत्तरे गटाच्या बैठकीत वाचून दाखवावीत. बाराव्या शतकात जवळच्याच कल्याणमध्ये शरणांनी कायक आणि दासोह हे दोन शब्द जोडीने दिले: कष्टाने मिळवावे आणि वाटून खावे. आपल्या गटांच्या वह्यांत कष्टाचा हिशेब चोख आहे. वाटून खाण्याचा रकाना तेवढा आखायचा आहे.