आरी पुन्हा घरात

माझा आजा भायखळ्याच्या पुलाखाली आरी-रापी घेऊन बसायचा. तो मेला तेव्हा बापानं त्याची आरी शिवडीच्या खाडीत फेकली. बाप गोदीत लागला, त्याच्यामागून मीही गोदीतच. आणि आता धाकटी बहीण एका फेलोशिपचा फॉर्म घेऊन आलीय. कुत्यूरचं भरतकाम शिकायचं, वर्षभर, विद्यावेतन मिळणार. कुत्यूर म्हणजे एकाच गिऱ्हाइकाच्या अंगाला बेतून हातानं शिवलेला कपडा, पॅरिसचा मामला. आणि हत्यार कोणतं? तर आरी.

बाप उखडला. "आरी सुटायला तीन पिढ्या गेल्या आमच्या. आन् तू पुन्हा घरात आणतीस?"

तीन दिवस घरात कुणी कुणाशी बोललं नाही. म्हणून हे कागदावर.

मित्रांनो, बापाचा राग झटकून टाकता येत नाही. जातीनं गळ्यात बांधलेली कामं बाबासाहेबांनी सोडायला सांगितली, ती सोडली म्हणून आपली पोरं शाळेत गेली. आज 'वारसा', 'परंपरा' असले गुळगुळीत शब्द लावून तीच कामं परत येतायत. १७ सप्टेंबर २०२३ला सुरू झालेली पीएम विश्वकर्मा योजना बघा. अठरा धंदे. त्यात मोची आहे, न्हावी आहे, धोबी आहे, झाडू-टोपल्या करणारा आहे. शिकताना दिवसाला ५०० रुपये, हत्यारांसाठी १५,०००. पैशाला माझी ना नाही. पण भाषा सगळी गुरु-शिष्य परंपरेची, घराण्यात चालत आलेल्या धंद्याची. न्हाव्याच्या पोरानं वस्तराच धरावा यासाठी पैसे कशाला मोजायचे? ते काम मनूनं फुकटात करून ठेवलंय. तमिळनाडूनं २०२४ साली ही योजना आहे त्या रूपात नाकारली ती याच मुद्द्यावर.

मग बहिणीला फॉर्म फाड म्हणू?

नाही म्हणणार. कारण आरीची गोष्ट बापाला अर्धीच ठाऊक आहे. कच्छमधल्या मोच्यांनी ही आरी कातड्यावरून रेशमावर आणली. टोकाला बारीक आकडा. वरचा हात टोचतो, खालचा हात धागा पुरवतो, साखळी धावत सुटते. भुजच्या दरबारात हे मोची भरत मिरवलं गेलं. कपड्याला दरबार मिळाला, भरणाऱ्यांची नावं कुणी लिहून ठेवली नाहीत. असंच आकड्याचं काम अठराव्या शतकात पूर्वेकडून युरोपात गेलं, आणि फ्रान्समधल्या ल्युनेव्हिल गावानं पुढं त्याला आपलं नाव चिकटवलं. फरक एवढाच की तिथली बाई मणी उलट्या बाजूनं लावते, कापडाची पाठच बघत बसते. आपला कारागीर मणी आरीवर घेऊन सुलट्या बाजूनं टाकतो. पॅरिसात लसाज घराण्यानं १९९२ साली याची शाळाच काढली. लंडनमध्ये १९९०पासून क्वीन एलिझाबेथ स्कॉलरशिप ट्रस्ट हातकाम शिकणाऱ्याच्या शिक्षणाला पैसा देतो. (राणीच्या नावाचं कौतुक मला नको. पण शिकणाऱ्याला शिकायला पैसा लागतो, एवढं त्या लोकांना कळलंय.)

आणि मुंबईत? गोवंडी, कुर्ला, धारावीच्या माळ्यांवर अड्डा ताणून बिहार, यूपी, बंगालची पोरं मांडी घालून बसलेली. बहुतेक मुसलमान. खाक्यावर रॉकेलचा बोळा फिरवून नक्षी उतरवायची आणि मान मोडेस्तोवर टाके. शिक्षण उस्तादापाशी, नावापुढे शिक्का नाही. २०१६ साली युरोपातल्या बड्या फॅशन घराण्यांनी या कारागिरांसाठी 'उत्थान' नावाचा करार केला, कायद्याचं बंधन नसलेला. २०२०च्या मार्चमध्ये न्यूयॉर्क टाइम्सनं छापलं की कारागीर अजूनही धोक्याच्या जागी, कुठल्याही संरक्षणाशिवाय खपतायत. ३० मार्च २०२३ला डिओरनं गेटवेसमोर शो केला, भरतकामाचं भलंथोरलं तोरण उभारलं. ते चाणक्य स्कूल ऑफ क्राफ्टमध्ये झालेलं. ही शाळा २०१६पासून गरीब घरच्या बायकांना भरतकाम शिकवते. चांगलं करते. पण गेटवेपासून गोदी हाकेवर, आणि कपड्याखाली ज्याचं नाव लागतं तो पॅरिसातच राहतो.

आज असं आहे की मलबार हिलची पोरगी आरी धरते तेव्हा ती टेक्स्टाइल आर्टिस्ट होते. गोवंडीचा पोरगा धरतो तेव्हा कारागीर. आणि माझी बहीण धरणार म्हटल्यावर माझ्या बापालाच आजा आठवतो. च्यायला, आरी एकच!

म्हणून आपण फेलोशिप नाकारायची नाही, तिच्या अटी विचारायच्या. विद्यावेतन महिन्याच्या महिन्याला मिळणार का? सर्टिफिकेटवर कुणाची सही? भरलेल्या कापडावर भरणारीचं नाव कुठं? नको वाटलं तर वर्षानं सोडून दुसरं काही शिकता येईल का? आणि पाठीवर पोतं वाहणाऱ्यासाठी १९६९ साली माथाडी कायदा झाला. नोंद झाली, मंडळ मिळालं. अड्ड्यावर पाठ मोडणाऱ्याला असं मंडळ का नाही? ही शेवटची मागणी एकट्या बहिणीची नाही. ती गोवंडीच्या पोरांबरोबर मिळूनच करावी लागेल.

फॉर्ममध्ये एक रकाना आहे: 'घराण्यात परंपरागत कला आहे काय?' मी म्हटलं, कोरा सोड. तिनं ऐकलं नाही. लिहिलं, 'आजोबांकडे आरी होती. ते पुलाखाली चपला शिवत. मी त्यासाठी अर्ज करत नाही, मला हे काम आवडतं म्हणून करते.'

बापानं ते दोनदा वाचलं. मग म्हणाला, "आरी घ्यायला जाशील तवा मला सांग. टोक बघून घ्यावं लागतं."